खडीचा रस्ता आपोआप होत नाही

ल्युसिंडा विल्यम्सच्या ‘कार व्हील्स ऑन अ ग्रॅव्हल रोड’ या अल्बमबद्दल कुणीही लिहायला बसलं, की पहिल्या चार वाक्यांत ‘सहा वर्षं’ हे शब्द येतातच. आधीचा अल्बम १९९२चा आणि हा आला १९९८च्या जूनअखेरीस. मधल्या काळात तीच गाणी आधी ऑस्टिनला, मग नॅशव्हिलला ध्वनिमुद्रित झाली आणि शेवटचा हात फिरला लॉस एंजेलिसला. निर्माते बदलले, दहा-बारा वर्षांचा सहकारी कायमचा दुरावला. या हकिकतीतून एक आरोपपत्र तयार झालं आणि आता ते तोंडपाठ असल्यासारखं म्हटलं जातं. त्याचं पहिलं कलम असं, की बाई हट्टी, संशयी, कशानेच समाधान न होणारी. दुसरं कलम जास्त चलाख आहे. ज्या गाण्यांची ख्याती कच्ची, उघडी, धुळीने माखलेली म्हणून आहे, ती तीन शहरांत घासूनपुसून तयार झाली असतील, तर तो कच्चेपणा बनावटच म्हणायचा. त्यात गाणारी पडली कवी-प्राध्यापकाची मुलगी. तेव्हा रांगडेपणाचं हे सोंग सुशिक्षित घरातून आलेलं आहे, असा त्याचा निष्कर्ष. माझ्या मते पहिलं कलम तारखांपुढे टिकत नाही आणि दुसरं कलम गाण्यांपुढे टिकत नाही. दोन्हींच्या मुळाशी समज एकच आहे: खरी भावना एका दमात बाहेर पडते आणि जिच्यावर हात फिरवला ती खोटी.

हा संशय याच अल्बमच्या वाट्याला एवढा का आला, हे कळायला तेव्हाची हवा लक्षात घ्यावी लागते. नव्वदीच्या दशकात नॅशव्हिलचं कंट्री संगीत गार्थ ब्रूक्स आणि शनाया ट्वेन यांच्या जोरावर स्टेडियमं भरवत होतं. गुळगुळीत, चकचकीत आणि रॉकच्या भपक्याला सरावलेलं असं ते संगीत होतं. त्याला वैतागलेल्या मंडळींनी जुन्या कंट्रीचं दुःख आणि पंक रॉकचा उद्धटपणा यांची सांगड घातली. अंकल टुपेलो या बँडचा ‘नो डिप्रेशन’ हा अल्बम १९९०चा. त्याच नावाचं नियतकालिक १९९५ साली निघालं आणि या सगळ्या प्रकाराला ‘ऑल्ट-कंट्री’ हे लेबल चिकटलं. या मंडळींत खरखर हाच बिल्ला होता. आवाज फाटला तर उत्तम, गिटार थोडी बेसूर वाजली तर त्याहून उत्तम. अशा गोटात एखादी बाई आपलाच आवाज पुन्हा पुन्हा ऐकून ‘अजून जमलं नाही’ म्हणत असेल, तर तिच्याकडे संशयाने पाहिलं जाणारच. गंमत अशी, की हे लेबल जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून ती हेच करत होती. तिचा पहिला अल्बम फोकवेजने १९७९ साली काढला, तेव्हा या गोटातली बरीचशी मंडळी शाळेत होती.

आता पहिलं कलम. सहा वर्षं लागली ती परिपूर्णतेच्या वेडापायी, असं म्हणणाऱ्याने तिची बाकीची कारकीर्दही मांडून दाखवायला हवी. तिचा दुसरा अल्बम १९८०चा, तिसरा १९८८चा. म्हणजे मध्ये सहा नव्हे, आठ वर्षं गेली. तेव्हा ती स्टुडिओत एकच गाणं घासत बसली नव्हती. तिला कुणी स्टुडिओ द्यायलाच तयार नव्हतं. ऐंशीच्या दशकात एका बड्या कंपनीने तिच्याकडून नमुना-ध्वनिमुद्रण करवून घेतलं. लॉस एंजेलिसच्या कचेरीने सांगितलं, हे रॉकसाठी फार कंट्री आहे. नॅशव्हिलच्या कचेरीने सांगितलं, हे कंट्रीसाठी फार रॉक आहे. दोन्ही दारं बंद झाली. शेवटी १९८८चा अल्बम काढला रफ ट्रेड या मूळच्या ब्रिटिश पंक वर्तुळातल्या कंपनीने, आणि पुढे त्या कंपनीचाच गाशा गुंडाळला गेला. १९९२चा अल्बम कमेलिअनने काढला. तीही बंद पडली. नंतर ती रिक रुबिनच्या अमेरिकन रेकॉर्डिंग्जकडे आली. त्या कंपनीच्या वितरणाचे करार मोडत-जुळत राहिले, तयार अल्बम अडकून पडला आणि शेवटी तो मर्क्युरीने घेऊन बाजारात आणला. या सहा वर्षांतली किती तिच्या संशयाची आणि किती वकिलांच्या टेबलावरची, हे वेगळं केल्याशिवाय निकाल देणं म्हणजे रेल्वे उशिरा आली म्हणून प्रवाशाला दंड करण्यासारखं आहे.

याहून भक्कम पुरावा १९९८ नंतरचा आहे. लॉस्ट हायवे या कंपनीत तिला स्थिर जागा मिळाली आणि अल्बमांची रांगच लागली: २००१ला ‘एसेन्स’, २००३ला ‘वर्ल्ड विदाउट टिअर्स’, २००७ला ‘वेस्ट’, २००८ला ‘लिटल हनी’, २०११ला ‘ब्लेस्ड’. पुढे स्वतःची कंपनी काढल्यावर २०१४ आणि २०१६ साली लागोपाठ दोन दुहेरी अल्बम आले. स्वभाव हेच उशिराचं कारण असतं, तर पन्नाशीत आणि साठीत तो स्वभाव गेला कुठे? माणूस तोच, कान तेच, चिकित्सा तीच; बदललं ते मागचं घर. तरीही १९९७ साली, अल्बम अजून यायचा होता तेव्हा, ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या रविवारच्या मासिकात तिच्यावर जो मोठा लेख आला, त्याने स्टुडिओत झुरणाऱ्या, स्वतःच्या आवाजावर अविश्वास दाखवणाऱ्या बाईचं चित्र वाचकांच्या डोक्यात पक्कं बसवलं. ती त्या लेखाने दुखावली. अल्बम लोकांच्या कानावर पडण्याआधीच त्याचं निदान करून झालं होतं.

इथे प्रतिपक्षाचं एक म्हणणं मान्य करायला हवं. कंपन्यांचा घोळ कितीही असला, तरी पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रण तिनेच करायला लावलं. ऑस्टिनमध्ये गर्फ मॉर्लिक्सबरोबर अल्बम जवळजवळ तयार झाला होता. मॉर्लिक्स तिचा गिटारवादक, तिच्या बँडचा कणा आणि आधीच्या दोन अल्बमांचा सहनिर्माता. त्याच सुमारास ती गायक-गीतकार स्टीव्ह अर्लच्या अल्बममध्ये एका द्वंद्वगीतासाठी गायली. तिथला आपला आवाज तिने ऐकला आणि तिला उमगलं, की माझ्या गाण्यांतही मी अशीच ऐकू यायला हवी. मग अर्ल आणि रे केनेडी यांच्याबरोबर नॅशव्हिलला नव्याने सुरुवात झाली. मॉर्लिक्स गेला तो गेलाच. अर्लही हे काम सुखाचं होतं असं सांगत नाही. उरलेल्या कामासाठी ती लॉस एंजेलिसला रॉय बिटनकडे गेली. एवढी माणसं दुखावली गेली, ती उगाच का, असा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्त आहे. माणूस म्हणून तिचा हिशेब मॉर्लिक्सने मांडावा, तो त्याचा हक्क आहे. पण त्या हिशेबातून अल्बमची किंमत ठरत नाही. आणि ज्या कारणासाठी हे सारं घडलं, ते कारण नीट पाहिलं तर ‘वेड’ हा शब्द गळून पडतो. तिला आवाज अधिक गोड नको होता, अधिक जवळचा हवा होता. तो कसा हवा, याचा नेमका नमुना तिने ऐकलेला होता. आपल्याला काय हवंय हे ठाऊक नसलेला माणूस अनिर्णयाचा धनी असतो. तिला ते ठाऊक होतं.

शिवाय हाच गुन्हा दुसऱ्यांनी केला तर त्याला कोणतं नाव मिळतं तेही पाहा. बॉब डिलनने १९७४च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये ‘ब्लड ऑन द ट्रॅक्स’ पुरा केला आणि डिसेंबरअखेर मिनिआपोलिसला जाऊन दहांपैकी पाच गाणी पुन्हा केली. तिथे ‘कलावंताची अंतःप्रेरणा’ असा शब्द वापरला जातो. ब्रूस स्प्रिंगस्टीनने ‘बॉर्न टू रन’ या एका गाण्यावर सहा महिने घालवले. ती चिकाटी आता दंतकथा आहे. आणि योगायोग असा, की त्याच अल्बमच्या काळात स्प्रिंगस्टीनच्या बँडमध्ये आलेला पियानोवादक म्हणजे हाच रॉय बिटन. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना चिकाटीचा हट्ट होतो आणि अंतःप्रेरणेचा आजार होतो. याचं स्पष्टीकरण संगीतात सापडणार नाही.

पण खरा वाद दुसऱ्या कलमाशी आहे, कारण ते रसिकांनाही पटतं. आपल्या समीक्षेत ‘उत्स्फूर्त’ ही सरळ शाबासकी असते आणि ‘घोटीव’ म्हणताना ओठ जरा मुडपले जातात. अमेरिकन लोकसंगीताच्या चाहत्यांचीही गत वेगळी नाही. तेव्हा गाण्यांकडेच वळू. अल्बमचं शेवटचं गाणं ‘जॅक्सन’. गिटार, थोडकी साथ आणि गाडीतून निघालेली बाई. जॅक्सन, लाफायेट, बॅटन रूज, विक्सबर्ग अशी गावं एकामागून एक येतात आणि प्रत्येक गावाच्या नावाशी एक नकार बांधलेला आहे: तिथवर पोचले की तुझी फारशी आठवण येणार नाही, अशा धर्तीचा. पहिल्या गावाला आपण तिच्यावर विश्वास ठेवतो. दुसऱ्या गावाला जरा चुळबुळतो. चौथ्या गावापर्यंत आपल्याला कळून चुकतं, की ज्याला खरंच विसरायचं असतं तो मैलामैलाला तसं जाहीर करत नाही. दुःखाचा एकही शब्द न उच्चारता दुःख उभं राहतं ते नकारांच्या मोजणीतून. ही मोजणी आपोआप होत नाही. एक गाव जास्त झालं तर युक्ती उघडी पडेल, एक कमी झालं तर संशय पिकणारच नाही. आणि गाणारीने एका जागी जरी आवाज दाटवला, तरी खेळ संपला. म्हणून ती सपाट गाते, रस्त्यावर नजर ठेवून गावं तसं. हा सपाटपणा म्हणजे भावनेचा अभाव नाही, ती आवरून धरलेली आहे. आणि आवरणं ही कृती आहे. ती जमेपर्यंत पुन्हा पुन्हा करावी लागते.

शीर्षकगीत तर याहून कडक शिस्तीचं आहे. मेकनमधल्या एका घराचं स्वयंपाकघर, रेडिओवर लोरेटा लिन, न्याहारीचा वास, खोली आवरून ठेव म्हणून दटावणारा मोठ्यांचा आवाज. मग गाडी, खिडकीतून मागे पळणारे तारांचे खांब आणि कापसाची शेतं, मागच्या सीटवर चार-पाच वर्षांचं पोर. घरात काय बिनसलंय हे गाणं सांगत नाही, कारण त्या पोरालाही ते कुणी सांगितलेलं नाही. ऐकणाऱ्याला तेवढंच दिसतं जेवढं मागच्या सीटवरून दिसतं. ध्रुवपद म्हणजे फक्त शीर्षकाची ओळ, खडीवरून जाणाऱ्या चाकांचा आवाज. कुणीतरी येतंय किंवा कुणीतरी निघालंय, एवढंच त्या आवाजातून कळतं. ल्युसिंडाने स्वतः सांगितलेली हकिकत अशी, की हे गाणं ऐकल्यावर तिचे वडील, कवी मिलर विल्यम्स, तिच्याजवळ आले आणि त्यांनी तिची माफी मागितली. मागच्या सीटवरची ती मुलगी आपणच, हे वडिलांनी ओळखलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं. ही हकिकत ‘उत्स्फूर्तते’च्या बाजूची वाटेल; बघा, तिला नकळत सत्य बाहेर पडलं, असं कुणी म्हणेल. मला ती उलट बाजूची साक्ष वाटते. तिने कबुलीजबाब लिहिला नव्हता. तिने वस्तू निवडल्या, त्यांचा क्रम लावला, मत काढून टाकलं. त्या निवडीच्या काटेकोरपणामुळेच एका साक्षीदाराला आपलं घर ओळखू आलं. ‘मला बालपणी फार सोसावं लागलं’ असं तिने गायलं असतं, तर वडिलांनी बहुधा स्वतःची बाजू मांडली असती.

आता प्राध्यापकाच्या मुलीने मातीची गाणी गावीत का, हा मुद्दा. वडील पुढे आर्कन्सॉ विद्यापीठात स्थिरावले, पण त्याआधीची वर्षं बिऱ्हाड पाठीवर घेऊन काढलेली: लुइझियाना, मिसिसिपी, जॉर्जिया, मध्येच मेक्सिको आणि चिलीसुद्धा. आज हे गाव, उद्या ते, असल्या भटक्या नोकरीतल्या घरची मुलं कशी असतात हे वेगळं सांगायला नको. त्यांना एक गाव नसतं, गावांची यादी असते. या अल्बममधली गावांची नावं ही त्या यादीची उजळणी आहे. दक्षिणेच्या नकाशावर बोट ठेवून गोळा केलेली सजावट नाही. कथाकार फ्लॅनरी ओ’कॉनरच्या अंगणात लहानपणी मोरांमागे धावलेली मुलगी साहित्यिक वातावरणात वाढली, हे खरंच आहे. पण साहित्य वाचलेल्या माणसाला खडीचा आवाज ऐकू येत नाही, हे कुणी ठरवलं?

गंमत म्हणजे याच आरोपाचं उत्तर अल्बमच्या मधोमध गायलेलं आहे. ‘लेक चार्ल्स’ हे गाणं एका मृत मित्राबद्दल आहे. तो जन्मला टेक्ससमधल्या नॅकोडोचेसला, पण विचारणाऱ्याला सांगायचा की मी लुइझियानातल्या लेक चार्ल्सचा. आणि हे गाणारी ल्युसिंडा खरोखरच लेक चार्ल्सची, १९५३चा तिथलाच तिचा जन्म. जन्माचा दाखला तिच्याकडे आहे, तरी ती त्याच्या थापेला हसत नाही, तिचा पंचनामाही करत नाही. पिवळ्या गाडीतून ब्लूज गायक हाउलिन वूल्फ ऐकत त्या बाजूला निघालेल्या माणसाचा त्या भूमीवर हक्क आहे, असं गाणं गृहीतच धरतं. माणूस कुठला, याचं उत्तर तो कुठे जन्मला यात असतं की कुठे परतायला धडपडतो यात, हा या गाण्याचा प्रश्न आहे. अस्सलपणाचे दाखले तपासणाऱ्यांनी हे गाणं ऐकलं असतं तर त्यांना कळलं असतं, की तपासणीची कसोटीच इथे बदललेली आहे. ब्लेझ फोली या ऑस्टिनच्या गीतकारावरचं ‘ड्रंकन एंजल’ही असंच. १९८९ साली गोळी लागून मेलेला, बुटांना चिकटपट्टी गुंडाळून फिरणारा हा माणूस ऑल्ट-कंट्रीच्या मंडळींना देव्हाऱ्यात बसवायला अगदी सोयीचा होता. ती त्याच्यावर माया करते आणि त्याच दमात त्याला जाब विचारते, की असं स्वतःला का सोडून दिलंस. उद्ध्वस्त होणं म्हणजे अस्सल होणं, हा समज तिने आपल्या माणसाच्या बाबतीतही चालू दिला नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत सूक्ष्म आहे. निवड, क्रम, संयम हे सगळं लिहिण्यातलं काम झालं. पण गाताना इतक्या वेळा तेच करून ताजेपणा मरत नाही का? सुदैवाने याची परीक्षा घेता येते. ‘आय लॉस्ट इट’ हे गाणं १९८०च्या अल्बममध्ये आहे आणि याही अल्बममध्ये आहे. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. पहिल्यात आवाज तरुण, पातळ, चालीवर स्वार झालेला; काही तरी हरवलंय हे वाक्य तिथे गाण्यातलं वाक्य आहे. दुसऱ्यात आवाज खाली उतरलाय, शब्द ठोक्याच्या किंचित मागे रेंगाळतात, शेवटचे स्वर झिजल्यासारखे सुटतात. अठरा वर्षांनी तेच गाणं पुन्हा करणं हे ताजेपणाच्या नियमाने पापच. पण हरवलेल्या वस्तूचं वजन ऐकू येतं ते दुसऱ्या खेपेलाच. आणि हा अल्बम म्हणजे केवळ आत्मकथनाचा हट्टही नाही. ‘कान्ट लेट गो’ हे रँडी वीक्सचं, दुसऱ्याने लिहिलेलं गाणं ती स्वतःच्या गाण्यांच्या रांगेत बसवते आणि सांधा दिसत नाही. ग्रॅमी मिळालं तेही समकालीन लोकसंगीताच्या खात्यात; म्हणजे रॉक आणि कंट्री यांच्यात तिला कुठे बसवायचं हे दशकभरानंतरही ठरत नव्हतंच. हा पुरस्कार, ‘व्हिलेज व्हॉइस’च्या समीक्षक-मतदानातला १९९८चा पहिला क्रमांक, पाच लाख प्रतींचा टप्पा, हे दाखले मी मुद्दाम मागे ठेवले. यश मिळालं म्हणून उशीर योग्य ठरतो, असा युक्तिवाद केला तर अपयशी ठरलेल्या प्रत्येक चिकाटीला आपण वेड म्हणायला मोकळे होतो.

आणि म्हणूनच तक्रार फक्त विरोधकांबद्दल नाही. या अल्बमचे भक्तही सहा वर्षांची गोष्ट तितक्याच आवडीने सांगतात. फरक एवढाच, की विरोधक जिथे आजार म्हणतात तिथे ते तपश्चर्या म्हणतात. दोघांचंही लक्ष बाईकडे आहे, गाण्यांकडे नाही. तपश्चर्येने वर मिळतो. गाणं तसं मिळत नाही. ते एकेका शब्दापाशी, एकेका श्वासापाशी करावं लागतं आणि पूर्ण झाल्यावर त्यातली मेहनत दिसेनाशी व्हावी, हीच त्या मेहनतीची अट असते. शीर्षकातलाच रस्ता घ्या. डांबरीपुढे खडीचा रस्ता आपल्याला नैसर्गिक वाटतो, जणू जमिनीनेच तो पुढे केलाय. पण खडी जमिनीतून उगवत नाही. ती कुणीतरी फोडलेली, आणून टाकलेली, पसरलेली असते, म्हणून चाक तिच्यावरून गेलं की आवाज होतो. आणि त्या आवाजानेच घरातल्या पोराला कळतं, की गाडी आली किंवा निघाली. नुसत्या मातीवरून ती गेली असती, तर त्याला काहीच ऐकू आलं नसतं.